शिरितोरी

शिरितोरी : जपानमधील शब्दसाखळीचा खेळ. घरात, प्रवासात मुले तो सहज खेळतात. परदेशी विद्यार्थ्यांना जपानी शब्द शिकवतानाही शिक्षक त्याचा उपयोग करतात. आधीचा शब्द ज्या काना-अक्षरावर (काना : जपानी अक्षरलिपी) संपला, त्या अक्षराने सुरू होणारे नाम पुढच्याने सांगायचे : साकुरा, राजिओ (रेडिओ), ओनिगिरी (भाताचा मुटका), रिसु (खार), सुइका (कलिंगड). एकदा आलेला शब्द पुन्हा चालत नाही. जपानीत ‘न्’ हे स्वतंत्र अक्षर असून त्याने शब्द सुरू होत नाही. त्यामुळे ‘मिकान्’ (संत्रे) म्हणणारा बाद होतो.

भेंड्या खेळलेल्या मराठी विद्यार्थ्याला हे नियम लगेच उमगतात. कानाची अ-इ-उ-ए-ओ, क-स-त-न ही मांडणीही त्याला ओळखीची वाटते, आणि त्याला कारण आहे : बौद्ध भिक्षूंनी जपानमध्ये केलेल्या भारतीय सिद्धम् लिपीच्या अभ्यासाचा ठसा तिच्यावर आहे.

खेळाचा मोठा लाभ शुद्धलेखनाला होतो. ‘सेन्सेइ’ (शिक्षक) कानाला ‘सेन्से’ असा लांबवलेला ऐकू येतो, पण लिहिताना शेवटी ‘इ’ असतो. म्हणून पुढचा शब्द ‘इनु’ (कुत्रा) चालतो, ‘एकी’ (स्टेशन) चालत नाही. अडलेला विद्यार्थी हा फरक सहसा विसरत नाही; नुसत्या पाठांतराने तो इतका पक्का होत नाही.

मुरलेले खेळाडू ‘रु’ची कोंडी करतात. सारु (माकड), योरु (रात्र), होतेरु (हॉटेल) असे ‘रु’वर संपणारे शब्द पुष्कळ, पण ‘रु’ने सुरू होणारे फार थोडे, कारण अस्सल जपानी शब्द र-वर्गाने जवळजवळ सुरूच होत नाहीत. अशा वेळी चिनी वळणाचा ‘रुसु’ (घरी नसणे) नाहीतर इंग्रजीतून आलेला ‘रूरु’ (नियम) आठवावा लागतो. ‘रूरु’ने तर कोंडी समोरच्यावरच उलटते. शब्दसंपत्तीचे हे थर एरवी व्याकरणाच्या पुस्तकात वाचावे लागतात, इथे ते गरजेपोटी हाती येतात.

‘कोही’ (कॉफी) या शब्दाचा शेवट ‘हि’ धरायचा की लांबवलेला ‘इ’, हे आधी ठरवून घेतात. खेळाला मर्यादाही आहेत : त्यात फक्त नामे येत असल्याने क्रियापदे आणि वाक्यरचना बाजूला राहतात, आणि नवशिके त्याच त्या शब्दांत फिरतात. म्हणून वर्गात गट पाडणे, विषय खाद्यपदार्थांपुरता ठेवणे, शब्द फळ्यावर काना लिपीत लिहायला लावणे आणि त्याचे वाक्य करून घेणे, अशी जोड द्यावी लागते.