वय कोणत्या दिवशीचे धरावे?

अपराधाच्या दिवशी मुलगा सोळा वर्षांच्या आत, पण न्यायासनासमोर उभा केला तेव्हा सोळा ओलांडलेला. त्याचा न्याय बालन्यायालयाने करावा की प्रौढांच्या? १९८६ च्या बालन्याय कायद्याने या प्रश्नाचा स्पष्ट उलगडा केला नव्हता. बिहारच्या एका प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने हजर केल्याचा दिवस ग्राह्य धरला. म्हणजे विलंब पोलिसांचा, आणि न्यायालय बदलावे मुलाचे! झारखंडच्या प्रकरणात २००५ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा निर्णय अमान्य करून अपराधाचा दिवसच निर्णायक ठरविला. २०१५ च्या कायद्यान्वये तर वयाचा हा मुद्दा अंतिम निकालानंतरही उपस्थित करता येतो. कायद्यात पुष्कळ हक्क मुदतबाह्य होतात. बाल्य मात्र होत नाही.