विनाखंडाचीं कुळें

चकलांबा काय, गेवराई काय, बीड जिल्ह्यांतील कोणत्याहि गांवीं 'कूळ' या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता तेव्हां जमीन एकाची व घाम दुसऱ्याचा, हा प्रकार येथें पिढ्यान् पिढ्या चालला. १९५० सालीं हैदराबाद राज्याचा कूळकायदा झाला, आणि कसणाऱ्याला 'संरक्षित कूळ' म्हणून कागदोपत्रीं स्थान मिळालें. आज ज्या कुळांची हकीगत सांगावयाची आहे, त्यांनीं खंड कधींच दिला नाहीं. पण त्यांच्या नांवचा कागदहि कोठें झाला नाहीं. हीं कुळें म्हणजे ब्लॉग लिहिणारे लोक.

१९९९ च्या ऑगस्टमध्यें सॅन फ्रान्सिस्को येथील पायरा लॅब्ज नांवाच्या लहानशा कंपनीनें 'ब्लॉगर' ही सोय सुरू केली, व २००३ सालीं ती गूगलनें विकत घेतली. कोणीहि यावें, विनामूल्य पान उघडावें, लिहावें, आणि तें जगानें वाचावें. युनिकोड लिपि व 'बरहा'सारखीं साधनें हातीं आल्यावर मराठी माणसेंहि तेथें लिहूं लागलीं. ब्लॉगला त्यांनीं 'अनुदिनी' असें गोड नांव दिलें. ज्यांचे लेख मासिकांकडून 'साभार परत' येत, त्यांना येथें संपादकाची मनधरणी करावी लागत नसे. पाककृति, कविता, प्रवासवर्णनें, आजोळच्या आठवणी, सारें कांहीं या परक्या जमिनीवर पिकूं लागलें.

पहिला धक्का बसला तो मालकाकडून नव्हे, सरकारकडून. ११ जुलै २००६ रोजीं मुंबईच्या लोकलगाड्यांत बाँबस्फोट झाले. १३ तारखेला दूरसंचार विभागानें थोडींशीं पानें बंद करण्याचा हुकूम काढला, आणि सेवा देणाऱ्या कंपन्यांनीं निवडीची दगदग टाळून ब्लॉगस्पॉटचा सगळा पत्ताच बंद केला! स्फोटांनंतर जखमींची व इस्पितळांची माहिती देणारें 'मुंबई हेल्प' हें पान त्याच पत्त्यावर होतें. लेखकांनीं माहितीच्या अधिकाराचे अर्ज केले, वृत्तपत्रांत गवगवा केला. त्याच वर्षीं पाकिस्तानांतहि ब्लॉगस्पॉटवर बंदी आली होती; तेथील वाचकांकरितां तयार झालेल्या आडवाटेनें भारतीय वाचक आपल्याच पानांपर्यंत पोंचूं लागले. थोड्याच दिवसांत बंदी उठली.

मालकाचा पहिला मोठा फेरफार भारतीय लेखकांच्या वाट्याला २०१२ च्या आरंभीं आला. भारतांतून पान उघडणाऱ्यास 'डॉट कॉम'ऐवजीं 'डॉट इन' या पत्त्यावर वळविण्यांत येऊं लागलें. एखाद्या देशाच्या कायद्याप्रमाणें मजकूर काढावा लागल्यास तो त्या देशापुरताच काढतां यावा, असें कारण दिलें गेलें. कित्येकांना त्यांत सेन्सॉरशिपचा वास आला. कित्येकांना बदल झाल्याचें कळलेंहि नाहीं. पुढें वाचकांनीं तोच नवा पत्ता उतरून घेतला, एकमेकांस पाठविला, आणि तोच रूढ झाला.

मग २३ फेब्रुवारी २०१५ ची सूचना निघाली. एक महिन्यानंतर, म्हणजे २३ मार्चपासून, उघड कामुक चित्रें अथवा नग्नता असलेलें कोणतेंहि पान सार्वजनिक राहणार नाहीं. तें खासगी केलें जाईल. कलेस व शिक्षणास सवलत होती. पण ती कोणास द्यावयाची, हें मालकच ठरविणार. ज्यांना मान्य नसेल त्यांनीं आपलें लेखन गुंडाळून अन्यत्र न्यावें, असा सल्लाहि होता. लेखन नेतां येतें, हें खरें. पण इतरांनीं त्याकडे जोडलेले दुवे आणि वळण पडलेले वाचक कोणत्या गाठोड्यांत बांधावयाचे? दहा दहा वर्षें लिहिणारे लोक संतापले. आपली निराळी ओळख मांडण्यास दुसरी जागा नसलेले लोकहि बोलूं लागले. २७ तारखेस, अवघ्या चार दिवसांत, गूगलनें निर्णय मागें घेतला. कारणें त्यांनीं स्वतःच दिलीं: नियम जुन्या लेखनास मागाहून लागू होत होता, आणि आपली ओळख अशा लेखनांतून मांडणाऱ्यांवर त्याचा अनिष्ट परिणाम होणार होता. मला यांतील पहिलें कारण अधिक मोलाचें वाटतें. आमच्या सोवळ्या अनुदिन्यांना हा नियम लागण्याचा फारसा संभव नव्हता. परंतु पेरणीनंतर अटी बदलूं नयेत, ही मागणी पुरणपोळीची कृति लिहिणारीचीहि होती.

यानंतर जें घडलें, त्याला धोरण म्हणावें कीं विस्मरण, हें मला ठरवितां येत नाहीं. २०१८ सालीं देशवार पत्ते गूगलनें बंद केले. 'डॉट इन'वर येणारा वाचक पुन्हां 'डॉट कॉम'वर जाऊं लागला. २०२० च्या मध्यास त्या 'डॉट इन' नांवाची नोंदणीच संपली. तें नांव परक्या हातीं गेलें व विक्रीस मांडलें गेलें. सारें लेखन 'डॉट कॉम'वर सुरक्षित होतें. मेली ती वाट. बातम्या आल्या, पण चार दिवसांत निर्णय फिरविणारा तो गलबला या वेळीं उठला नाहीं. विरोध करावयाचा तर पुढें सूचना असावी लागते. येथें ती नव्हतीच.

उपाय सोपा आहे: पत्त्याच्या शेवटचें 'इन' खोडून 'कॉम' लिहावें, कीं पान उघडतें. ज्यांना हें ठाऊक आहे, ते आपापले दुवे दुरुस्त करतात. ज्यांनीं लिहिणें कधींच सोडलें, अथवा जे आज हयात नाहींत, त्यांच्या पानांवरचे दुवे मात्र तसेच आहेत.