उपयुक्त लिंक : यादी कशी लावावी?

कवठे महांकाळसारख्या तालुक्यात शिष्यवृत्तीची लिंक व्हॉट्सॲपवर येते, फॉरवर्डच्या ढिगात गाडली जाते आणि मुदत संपल्यावर पोरं विचारत येतात. म्हणून यादी संकेतस्थळाच्या नावाने नको, कामाने लावा. अनुसूचित जाती व नवबौद्धांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवर. अर्जाचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. पैसे अडकतात ते बहुधा इथेच. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर ‘स्वाधार’ योजना. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याची ‘बार्टी’. पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर मोफत, शिक्षकांसाठी ‘दीक्षा’. प्रत्येक लिंकपुढे अर्जाची शेवटची तारीख लिहा. शिष्यवृत्तीच्या पत्त्यात ‘गव्ह डॉट इन’ नसेल तर आधार क्रमांक भरू नका. यादीचा एक कागद विहारातल्या फलकावरही लावा. सगळ्यांकडे नेटपॅक नसतो.