लष्करी अधिकाऱ्याला ‘कॅशियर’ केलं म्हणजे नेमकं काय केलं?

‘आर्मी ऑफिसर कॅशियर्ड’ अशी इंग्रजी हेडलाइन वाचून अधिकाऱ्याला कॅश काउंटरवर बसवलं की काय, असं तुम्हाला वाटू शकतं. पण ही बातमी गंभीर असते. लष्करी इंग्रजीत ‘कॅशियर करणं’ म्हणजे अधिकाऱ्याला बेअब्रू करून सेवेतून काढून टाकणं.

बँकेतल्या कॅशियरशी संबंध आहे का?

नाही. बँकेतला कॅशियर हा शब्द ‘पैशांची पेटी’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला. लष्करी क्रियापदाचं मूळ ‘मोडणं, रद्द करणं’ या अर्थाच्या फ्रेंच ‘कासे’मध्ये आहे. ते डच भाषेतून सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आलं. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’तही ते सापडतं.

बेअब्रू म्हणजे किती?

जुन्या काळी युरोपात अशी शिक्षा सगळ्यांसमोर दिली जायची. फ्रेंच सैन्यातल्या कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस यांचं प्रकरण प्रसिद्ध आहे. 5 जानेवारी 1895 रोजी पॅरिसमध्ये सैनिकांच्या रांगांसमोर त्यांच्या गणवेशावरची पदचिन्हं आणि बटणं उपटली गेली, तलवार मोडली गेली. ते ओरडून सांगत होते, मी निर्दोष आहे. ते खरंच निर्दोष होते. पण तसा निकाल लागायला 1906 साल उजाडलं.

भारतात ही शिक्षा आहे का?

आहे. 1950 च्या आर्मी ॲक्टच्या कलम 71 मध्ये कोर्ट मार्शलच्या शिक्षांची यादी आहे. त्यात कॅशियरिंग आणि डिसमिसल या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. कॅशियरिंग फक्त अधिकाऱ्यांसाठी असून यादीत ते डिसमिसलच्या वर, म्हणजे जास्त कडक मानलं जातं. जवानाला ‘कॅशियर’ करता येत नाही. अधिकाऱ्याला तुरुंगवास द्यायचा असेल, तर आधी कॅशियरिंगची शिक्षा द्यावी लागते. शिक्षा झालेल्या अधिकाऱ्याची नोकरी आणि हुद्दा जातो, पेन्शनही जाऊ शकते. तलवार मोडण्याचा सोहळा मात्र आता होत नाही.

मराठीत काय म्हणायचं?

मराठी बातम्यांत दोन्ही शिक्षांसाठी सरसकट ‘बडतर्फ’ लिहिलं जातं. त्यामुळे फरक पुसला जातो. ‘मानहानीसह बडतर्फ’ हे जास्त अचूक होईल. आणि ‘निवृत्त’ तर चुकूनही लिहू नका. निवृत्त अधिकारी नावाआधी आपला हुद्दा अभिमानाने लावतो. कॅशियर झालेल्याचा तोच हक्क काढून घेतलेला असतो.

म्हणून अशी पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी शब्द नीट वाचा. आणि शिक्षा फक्त सुनावली आहे की वरिष्ठांनी कायम केली आहे, हेही पाहा. कायम होईपर्यंत ती लागू होत नाही.