यंत्राला हात कुणाचा?

मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. कारण तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे, आणि आमच्या ओठांचा विटाळ सवर्णांना चालत नव्हता. जास्त मजुरीचे खाते असे बंद! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी आमच्या मुलांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. त्यांना दिसत होते की यंत्र ज्याच्या ताब्यात, सत्ता त्याची.

हा इतिहास आम्हा कुर्डुवाडीकरांना जवळचा आहे. १८९७ मध्ये इथून बार्शी लाइट रेल्वे धावली, गावात रेल्वेचा कारखाना आला. तेव्हा इंजिनातल्या वाफेचा दाब काट्यावर पाहून हाताने सांभाळत. आज साखर कारखान्यात रसाचे तापमान सेन्सर मोजतो, कंट्रोलर ते ठरलेल्या आकड्याशी ताडून पाहतो आणि वाफेचा व्हॉल्व्ह कमी-जास्त करतो. यालाच प्रक्रिया नियंत्रण म्हणतात. पण हे शिकायची प्रयोगशाळा खेड्यातल्या मुलाने आणायची कुठून?

यावर आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या गटाने एक उत्तर शोधले. एक छोटी पोलादी पट्टी, तिला तापवणारा हीटर, थंड करणारा पंखा आणि तापमान सांगणारा सेन्सर. विद्यार्थी दुरून, इंटरनेटवरून, हीटर आणि पंखा चालवतो. सोबतीला सायलॅब हे मोफत सॉफ्टवेअर. पडद्यावरचे हे नुसते चित्र नव्हे. तिकडे पट्टी खरोखर तापते, आणि ती तापताना कुणाची जात विचारत नाही.

म्हणून आम्ही आभासी प्रयोगशाळेचे स्वागत करतो. पण डोळे उघडे ठेवून! श्रीमंतांच्या कॉलेजात खरी यंत्रे आणि आमच्या पोरांना फक्त पडदा, अशी वाटणी झाली तर ती नवी अस्पृश्यताच ठरेल. पडद्यावर सराव केलेल्या मुलाला गळणारा व्हॉल्व्ह आणि बिघडलेला सेन्सर प्रत्यक्ष हाताळता आलाच पाहिजे.

तरुणांनो, विहारातल्या अभ्यासिकेत एक संगणक आणि इंटरनेट आणा. दुरून प्रयोग करायला शिका. आणि त्याच वेळी आपल्या आयटीआय-पॉलिटेक्निकच्या प्राचार्यांना विचारा, खरी प्रयोगशाळा कुठे आहे? धोट्यापासून दूर ठेवलेल्यांची नातवंडे आता कंट्रोल रूमच्या दाराबाहेर उभी राहणार नाहीत.

जय भीम!