राजाला नव्हती ती मुभा

रत्नागिरीला आलेला पाहुणा थिबा पॅलेस बघतो, आंबापोळी घेतो आणि ‘झाली रत्नागिरी!’ म्हणून गाडीत बसतो. त्याला हसायला मला तोंड नाही. चाळीस वर्षं इथं राहून मी मालगुंड पाहिलं नव्हतं. कुणी विचारलं की म्हणायचं, ‘लांब आहे हो!’

ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथं आणून ठेवलं; १९१६ साली तो इथंच वारला. तीस वर्षांत मनात आलं म्हणून गाव सोडायची मुभा नव्हती. १९१० साली बांधून झालेल्या पॅलेसातून समुद्र बघायचा, एवढंच. सावरकर १९२४ ते १९३७ स्थानबद्ध. त्यांना जिल्ह्याची हद्द ओलांडायला बंदी. माझ्यावर बंदी कुणाची? दुपारच्या झोपेची!

शेवटी परवा एस.टी.त बसलो. मराठी कवितेला नवं वळण देणारे केशवसुत १८६६ साली जिथं जन्मले, ते मालगुंडचं साधंसुधं घर पाहिलं. येताना गणपतीपुळ्याला हात जोडले. दिवेलागणीला घरी हजर.

हिनं विचारलं, “कसं आहे मालगुंड?”

खरं तेच सांगितलं, “फार जवळ आहे गं.”