जस्ताची कल्हई : विद्युत्घटाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

प्रस्तुत टिपणात विद्युत्घटातील जस्तावरील संरक्षक थराचा इतिहास तांबट व्यवसायाच्या संदर्भात पाहण्याचा प्रयत्न केला आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ख्यातकीर्त असलेल्या नाशिकमध्ये कल्हई म्हणजे काय, हे सांगावयास नको. तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकून मळ काढावयाचा व कथलाचा पातळ थर द्यावयाचा. अन्यथा आंबट पदार्थ कळकतो.

१८०० साली व्होल्टा यांनी सिद्ध केलेल्या घटातही जस्त होते. परंतु बाजारी जस्तातील लोहासारख्या अशुद्धींमुळे ते आम्लात, प्रवाह घेतला जात नसतानाही, झिजत असे व हायड्रोजन वायू सुटे. १८३० च्या सुमारास विल्यम स्टर्जन यांनी जस्ताला पारा चोळून ही झीज रोखली. ही एक प्रकारची कल्हईच होय. पुढे १८६६ मध्ये लक्लांशे यांनी आम्लाऐवजी नवसागराचे पाणी वापरले. भांडे उजळणारा व घट चालविणारा क्षार एकच, हा केवळ योगायोग. त्यावरून परस्परप्रभाव सिद्ध होत नाही.

पाऱ्याची किंमत मात्र पुढील पिढ्यांनी मोजली. टाकून दिलेल्या घटांतील पारा माती-पाण्यात उतरतो. १९९० च्या दशकात कोरड्या घटांतून तो मोठ्या प्रमाणावर हद्दपार झाला आणि जुना प्रश्न पुन्हा उघडा पडला. पुनर्भारित घटांत तर तो अधिकच बिकट आहे. भारण करताना परतणारे जस्त सपाट न बसता काट्यांसारखे वाढते व मधला पडदा भेदते. त्यावर आज बहुवारिक व ऑक्साइड यांच्या पातळ थरांचे प्रयोग चालू आहेत. कल्हईला केवळ अडवावयाचे असते; या थराला मात्र पाणी अडवून जस्ताचे आयन जाऊ द्यावयाचे आहेत, आणि तेही शेकडो वेळा.